‘कम व्हॉट मे’ म्हणणारा मुराळी

आमचा गोरा कप्तान हुकूम देऊन झाला की शेवटी तीन शब्द टाकायचा. कम व्हॉट मे. ती टेकडी घ्यायची, कम व्हॉट मे. उजाडायच्या आत पाण्याच्या पखाली वर पोचल्या पाहिजेत, कम व्हॉट मे. इटलीच्या डोंगरात बोटं काकडलेली असायची, कान बधिर झालेले असायचे. त्याचं इंग्रजी आम्हाला कळायचं नाही. सुभेदार ते हिंदुस्थानीत फोडून सांगायचा, पण हे तीन शब्द तो कधी फोडायचा नाही, आहे तसे आमच्या अंगावर टाकायचा. मला वाटायचं, हा ह्यांच्यातला काहीतरी मंतर असणार.

पलटणीत कोरेगावचा एक कारकून होता. मॅट्रिक झालेला. एकदा चहा पिताना मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, “मंतर कसला गड्या. येवो काय यायचं ते. आपल्यात बाया म्हनत्यात न्हवं, होईना का काय व्हायचं ते? त्येच.”

माझी शाळा चौथीत सुटली, तीही नापास होऊन. पण डोकं तिरपं चालायचं. मी म्हटलं, “मग असं उलटं का बोलत्यात? आधी व्हॉट पायजे, मग कम.”

“का पायजे?”

“तू सायबाशी बोलताना माणसाचं नाव आधी घेतोस, मग तो आला का गेला ते सांगतोस. मी ऐकलंय.”

कारकून हसला. म्हणाला, “नुसती बातमी सांगायची असली की तसं. हितं बातमी न्हाई, हितं येनाऱ्याला बलवायचं हाय. तू आखाड्यात उभा ऱ्हायलास की समोरच्याला काय म्हनतोस? ‘तू माझ्याकडं ये’ असं म्हनतोस व्हय?”

“न्हाई. ‘ये’ म्हनतो.”

“झालं तर. म्हनून कम पयलं. पर जपून वापर बरं का. ह्येच्या संगं जे बोलशील ते करावं लागतं. पानी प्यायचंय, कम व्हॉट मे, असं म्हनत हिंडायचं न्हाई.”

हे शेवटचं मी ऐकलं आणि सोडून दिलं. बाकीचं पक्कं धरलं.

लढाई संपली. पुढल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मी घरी आलो. आमचं गाव पलूसच्या बाजूला, कृष्णेच्या काठावर. गावात तोवर लढाईवरून आलेला मीच पहिला, त्यामुळं तालमीत, चावडीत, न्हाव्याच्या पुढ्यात, जिथं बसेन तिथं मला ऐकायला माणसं. आणि कारकुनानं जे करू नको म्हणून सांगितलं होतं, नेमकं तेच मी करत सुटलो. बैल आज विकणार, कम व्हॉट मे. बांध आज घालून होणार, कम व्हॉट मे. महिन्याभरात गावानं त्याचं ‘कमाटमे’ करून टाकलं. मी येताना दिसलो की म्हणायचे, “आलं बघा कमाटमे.” मला त्यात मानच वाटायचा.

त्या वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. नदीच्या पलीकडं, वाळव्याच्या अंगाला दिली. सरळ बघितलं तर त्यांच्या गावाचं देऊळ आमच्या काठावरनं दिसतं. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातनं चालत जावं, पावसाळ्यात नावेतनं जावं, आणि नाव बंद पडली तर मग सांगलीचा पूल. सांगलीवरनं म्हणजे गाडीनं वाटेत एक मुक्काम पडतो.

तिचा सासरा मला लग्नातच आवडला नव्हता. सावकाश बोलणारा, शांत म्हातारा. काही ठरवायचं म्हटलं की म्हणायचा, “बगू की. बगून ठरवू.” मला ते मिळमिळीत वाटायचं. पलटणीत असा माणूस एक दिवस टिकला नसता, असं मी आईला म्हणालो होतो. आई म्हणाली, “पोरगी पलटनीत दिली न्हाई आपन.”

वरात निघायच्या वेळी बहीण माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. आमच्याकडं रीत अशी की लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला लेकीला माहेरी आणायचं, आणि आणायला मुराळी जायचा तो शक्यतो भाऊ. मुराळी आला नाही तर सासरच्या आळीत बाया वर्षभर बोलून दाखवतात. मी तिला म्हटलं, “रडू नगंस. पंचमीला मी मुराळी म्हनून येनार. कम व्हॉट मे.”

ती रडतारडता म्हणाली, “म्हंजी रं दादा?”

“म्हंजी कायबी होवो. आभाळ पडू दे न्हाईतर नदी फुटू दे, तुजा भाऊ दारात उभा दिसनार.”

ती हसली. शब्द नीट म्हणता येईपर्यंत तिनं ते माझ्याकडनं दोनतीनदा म्हणवून घेतले. गाडीत बसतानाही पुटपुटत होती.

आषाढ सरत आला तसे वडील माझ्या मागं लागले. म्हणाले, “पानी चढायच्या आत सांगलीवरनं जा. पंचमीच्या आधी निवांत घिऊन येशील.”

मी म्हटलं, “पुलावरनं म्हातारी मानसं जात्यात. नाव चालू हाय की.”

“आज चालू हाय.”

“लहानपनापास्नं हीच नदी पवत आलोय आबा. मला नदीची भीती घालू नगा.”

मग मी उद्या करत राहिलो. खरं सांगायचं तर त्या दिवसांत तालमीत माझी बैठक रंगात आली होती, आणि पूल धरून गेलो असतो तर लोक म्हणाले असते, कमाटमे गाडीत बसून गेलं. श्रावण लागला आणि वर महाबळेश्वराकडं काय कोसळलं कोण जाणे, एका रात्रीत पाणी देवळाच्या पायऱ्यांवर आलं. नाव बंद. पाणी उतरेल म्हणून मी आणखी दोन दिवस घालवले, आणि मग पुलावरनं निघालो तरी पंचमीला वेळेवर पोचणं नव्हतं.

पंचमीच्या आदल्या दिवशी भावाचा उपवास असतो. बहिणी धरतात तो, भावाचं आयुष्य वाढावं म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी पंचमीचं पूजून सोडतात. त्या दिवशी सकाळी मी माळ्यावरनं वाळक्या भोपळ्यांची सांगड काढली. आई आडवी आली. म्हणाली, “तू पवत जाशील रं. पर तिला आननार कशी? तिला भोपळ्याला बांदून आननार हाईस?”

माझ्या डोक्यात एवढंच होतं की पंचमीला मी तिच्या दारात उभा दिसलो पाहिजे. तिला आणायचं कसं हे मी पलीकडं गेल्यावर बघणार होतो. मी आईला म्हटलं, “कम व्हॉट मे.” आईला ह्याचा अर्थ ठाऊक होता, पण ह्याच्यापुढं बोलता येत नाही हेही ठाऊक होतं. ती बाजूला झाली.

काठावर नावाडी आणि वडील उभे होते. नावाडी म्हणाला, “सुभेदार, नदी काय तुमच्या हाताखालची शिपाई हाय व्हय? ऱ्हावा की दोन दिस.” मी नाईक होतो, सुभेदार तो मुद्दाम म्हणायचा. मी कपड्यांची वळकटी पटक्यात गुंडाळून डोक्याला बांधली. वडिलांनी एकच सांगितलं, “पटका दाव.”

ही आमच्या काठाची जुनी रीत. पुरातनं कोणी पलीकडं गेला की त्यानं समोरच्या उंच दरडीवर चढून पटका हलवायचा. अलीकडं कुणीतरी ते बघेपर्यंत काठावर थांबायचं. पटका दिसला की माणूस काठाला लागला, मग थांबणाऱ्यानं घरी जायचं. भांडून गेलेला माणूससुद्धा पटका दाखवतो.

मी बराच वरच्या अंगाला जाऊन पाण्यात पडलो, म्हणजे वाहत वाहत दरडीच्या खाली लागेन. पण ओढ माझ्या हिशेबाबाहेर होती. लाल पाणी, त्यात कडब्याच्या पेंढ्या, उपटलेलं बाभळीचं झाड. भोपळे छातीखाली होते म्हणून मी वर होतो, हात मारून नव्हे. दरड माझ्या डोळ्यांसमोरनं निघून गेली. वळणाच्या खाली खूप लांब एका बाभूळवनात मी अडकलो आणि मुळ्या धरून बाहेर आलो. पायात काटा मोडला होता. दुपार कलली होती, पाऊस चालू होता.

दरडीपर्यंत माघारी जायचं तर चिखलातनं, काट्यांतनं मोठी वाट होती. आणि बहिणीच्या सासरचं गाव उलट्या अंगाला, जवळ. मी तिथं उभा राहून विचार केला, तो मला शब्दानशब्द आठवतो. मी म्हटलं, मी जातो म्हणालो म्हणजे पोचलो, हे घरच्यांना कळायला नको? पटका दाखवतात ते ज्याचा भरवसा नाही त्यानं. आणि मी वळकटी पिळून कपडे अंगात घातले आणि लंगडत गावाकडं गेलो.

दारात बहिणीची सासू लाह्यांसाठी शाळू पाखडत होती. मला बघून तिच्या हातातलं सूप तिरकं झालं. “अगं बया. तुमी कुटनं आलासा?”

“नदीतनं आलो मावशी. पंचमीला येतो म्हनालो हुतो.”

“आनि पोरगी तर तुमच्याकडं गेली की. काल पहाटंच आमचं म्हातारं गाडी जुपून घिऊन गेलं, सांगलीच्या वाटंनं.”

“मुराळी यायच्या आदीच?”

“काय करावं तर. नाव बंद झाली तशी तिनं जीव खाल्ला आमचा. म्हनायची, दादा बोललाय, त्यो पान्यात उडी टाकल, त्यो कुनाचं ऐकायचा न्हाई. त्ये विंग्रजी बी म्हनून दावायची. मग म्हातारं म्हनलं, आपनच पोच करू पोरीला, म्हंजी त्या पोराला पान्यात पडायचं कारन ऱ्हानार न्हाई.”

कुणाही शहाण्या माणसाला इथं लाज वाटली असती. मला वाटली नाही. मला आधी राग आला, की माझ्या शब्दावर भरवसा का ठेवला नाही. मग वाटलं, मी तर सांगितल्याप्रमाणं दारात उभा आहे, ती दारात नाही ह्यात माझा काय दोष.

सासूनं पायातला काटा सुईनं काढला. विचारलं, “पटका दावलासा न्हवं?”

“दावतो की,” मी म्हणालो.

तेवढ्यात पूर पोहून पाहुणा आलाय हे ऐकून आळीतली माणसं जमली. मी त्यांना पाणी सांगितलं, झाड सांगितलं, कप्तान सांगितला. तीन शब्दही सांगितले, अर्थासकट, कम पहिलं का येतं त्यासकट. एक जण म्हणाला, “लय जिगर हाय बगा पाव्हन्याला.” अंधार पडेपर्यंत बोलतच होतो. दुसऱ्या दिवशी पाय सुजला होता आणि पाऊस होता. पंचमीला आमच्यात चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडतात. सासूनं तुपाची धार धरली आणि आग्रह करत करत वाढलं. मी पोट फुटेस्तोवर जेवलो. हात धुऊन सोप्यात आडवा झालो, तेव्हा शेजारचा एक म्हातारा म्हणाला, “नदीकडं जाऊन आलासा का?” मी म्हटलं, पाणी उतरलं की जाईन.

नदीच्या अलीकडं त्या वेळी काय चाललं होतं ते मला आईनं पुढं कधीतरी तुकड्यातुकड्यानं सांगितलं. उपवासाच्या दिवशी सांजच्याला गाडी आमच्या दारात आली. बहिणीनं उतरताच विचारलं, “दादा कुटं हाय?” आई म्हणाली, दुपारी पान्यात पडलाय, वडील काठावर हायती, पटका दिसला की येतील. बहीण हातातली पाटी खाली न ठेवता तशीच नदीवर गेली. अंधार पडला तरी पटका दिसला नाही. पंचमीच्या दिवशी उजाडल्यापासून परत काठावर. गावातले आठदहा जण काठ्या आणि दोर घेऊन खालच्या घाटापर्यंत मला हुडकत गेले. नावाडी त्यांच्यात पुढं होता, आणि गाडीचा शिणवटा उतरायच्या आत तिचा सासराही त्यांच्यात होता. आळीतल्या कुठल्याच लिंबाला झोका बांधला नाही. पोरी नवी लुगडी नेसून घराघरांतनं गप्प बसल्या. वारुळाला जाऊन बाया गपचूप माघारी आल्या.

बहिणीनं उपवास सोडला नाही. बाया म्हणाल्या, “सोड गं, आजचं सनाचं हाय.” ती म्हणाली, “ज्येच्यासाटी धरला त्यो दिसू दे.” आईनं दिंडाचं ताट काठावर नेलं, तर तिनं ते झाकून ठेवायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. पलीकडच्या नावाड्यानं दुपारनंतर नाव घातली, त्यात मी एकटाच उतारू. काठावर बायकामाणसांचा घोळका दिसला, तेव्हा मला खरोखर वाटलं की हे मला बघायला जमलेत. मी नावेत उभा राहिलो. काय बोलायचं तेही ठरवलं होतं.

जवळ आलो तसं दिसलं की कोणी हात वर करत नाही. वडील खाली बसलेले, डोक्याचा पटका मांडीवर. त्यांच्या दंडाला धरून बहिणीचा सासरा उभा. आई माझ्याकडं बघत होती. आमचा नावाडी दोर धरायला पाण्यात आला आणि हळूच म्हणाला, “सुभेदार, खालच्या घाटापातूर तुमचं मडं हुडकत हुतो आमी.”

तरीही मला पुरतं उमगलं नव्हतं. सासरा पुढं आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. दाढीचे खुंट वाढलेले, धोतराला गुडघ्यापर्यंत चिखल. म्हणाला, “पाव्हनं, उपाशी असाल. आदी खाऊन घ्या.”

मी म्हटलं, “न्हाई मामा. मावशींनी काल दिंडं वाढली. लय जेवलो. आज सकाळी बी जेवून निघालो.”

हे मी ताठ मानेनं सांगितलं, त्याच्या घरच्या पाहुणचाराची तारीफ म्हणून. आणि मग त्याच्या मागं बहीण दिसली. दगडावर बसली होती. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. शेजारी झाकलेलं ताट. तिनं माझं बोलणं ऐकलं होतं. कुठल्याशा बाईनं दबक्या आवाजात म्हटलं, “पोरगी परवापास्नं नुसत्या पान्यावर हाय.” बहिणीनं ताटावरचं फडकं काढलं. दिंडं आंबली होती. तिनं एक मोडलं, कडेचा घास घेतला, उपवास सोडला आणि बाकीचं नदीला दिलं.

लढाईत मी ते तीन शब्द शेकडो वेळा ऐकले. कप्तान मागं असायचा, आम्ही पुढं. यायचं ते यायचं आमच्यावर. हे मला तिथं कधी डाचलं नाही, तो साहेब आणि आपण शिपाई म्हणून. त्या दिवशी काठावर मला दिसलं की मीही तेच केलं होतं. येवो काय यायचं ते, असं मी म्हणालो, आणि जे आलं ते माझ्यावर आलं नाही. मी जेवत होतो. कारकुनानं मला सगळं शिकवलं, पण ते शब्द कुणी म्हणायचे, तेवढं मात्र मी विचारलं नव्हतं.

पहिल्या पंचमीला आलेली लेक महिनाभर राहते. बहिणीनं त्याच संध्याकाळी आईला सांगितलं, “मी मामंजींसंगं उद्या जाते.” आई रडली, हातापाया पडली. बहीण म्हणाली, “नगं आई. लोकं दादाला बगाय येत्यात, आनि मला बगून गप हुत्यात. मला नगं वाटतंय.” सासरा म्हणाला, “ऱ्हाऊ दे की पोरी, मी परत येतो न्यायला.” तिनं लुगडी गाठोड्यात बांधायला घेतली.

सकाळी सासरा आधी नदीवर जाऊन आला. म्हणाला, “अजून लाल हाय. गाडीनंच जाऊ.” मी बैल जुपले. म्हटलं, “मी येतो पोचवायला.”

“नगं दादा,” ती म्हणाली. “मामंजी हायती.”

मी गाडीमागनं गावाच्या बाहेरपर्यंत चालत गेलो. ती एकदा म्हणाली, “पाय सुजलाय तुजा, माघारी जा.” मी थांबलो.

पुढल्या वर्षी आषाढातच वडिलांनी वंगण घालून गाडी काढली. बैलांच्या पाठीवर झुली टाकल्या, आईनं शिदोरी बांधली. मुराळी म्हणून वडील स्वतः निघाले, सांगलीच्या पुलावरनं. मी जातो असं मी म्हणालो नाही, आणि मला कोणी विचारलंही नाही.